'चीपर' की 'मोर चीप'? इंग्रजीतल्या तुलनेबद्दल सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मी बरीच वर्षं संध्याकाळी इंग्रजी शिकवते. समोर दहावीची मुलं असतात, स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेले असतात. अलीकडे चादर-टॉवेलच्या दुकानांत आणि ऑफिसांत काम करणारी मंडळीही येतात, कारण बाहेरच्या गिऱ्हाइकाला मेल इंग्रजीत लिहावा लागतो. प्रत्येकाच्या अडचणी वेगळ्या, पण तुलनेपाशी सगळेच अडतात. तेच प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एकदा लिहून ठेवावीत असं वाटलं. इंग्रजी शब्द मुद्दाम देवनागरीत लिहिले आहेत. ते मोठ्यानं म्हणत म्हणत वाचा, यातलं निम्मं कानानंच सुटतं.

'ही इज टॉल दॅन मी' यात चुकलं काय? 'दॅन' तर घातलंय.

'टॉल'च्या जागी 'टॉलर' हवं. पण ही चूक का होते ते आधी सांगते. ते कळलं की मूल स्वतःला मठ्ठ समजायचं थांबतं.

मराठीत आपण म्हणतो, 'तो माझ्यापेक्षा उंच आहे.' तुलनेचं सगळं ओझं 'पेक्षा'नं उचललं, 'उंच' होता तसाच राहिला. 'माझ्याहून उंच' म्हटलं तरी तेच. घरात कन्नड असेल तर 'गिंत' येतं, तेलुगू असेल तर 'कंटे', दखनी बोलत असतील तर 'से'. हे सगळे ज्याच्याशी तुलना करायची त्या नावाला चिकटतात आणि विशेषणाला कुणी हात लावत नाही. म्हणजे विजापूर वेशीतलं मूल घ्या, अशोक चौकातलं घ्या की जुळे सोलापुरातलं, घरची भाषा कुठलीही असली तरी सवय एकच लागलेली असते.

इंग्रजीत तुलना दोन ठिकाणी दाखवावी लागते. 'दॅन' हा आपला 'पेक्षा', तो आलाच. शिवाय विशेषणानंही आपलं रूप बदलायचं असतं. मी मुलांना सांगते, चादरीची घडी घालताना दोघांनी दोन टोकं धरायची असतात. एकच टोक धरलं तर दुसरं जमिनीवर लोळतं. 'दॅन' हे एक टोक, 'ईआर' किंवा 'मोर' हे दुसरं.

एक बारकावा राहिला. दोन्ही वस्तू समोर दिसत असतील तर 'दॅन'चा भाग गाळता येतो: 'धिस वन इज चीपर.' पण 'ईआर' कधी गाळता येत नाही. आपली मुलं बरोबर उलटं करतात, 'दॅन' ठेवतात आणि 'ईआर' गाळतात.

विशेषणाचं रूप बदलणं आपल्याकडे कधीच नव्हतं का?

होतं की. हा प्रश्न एका आठवीतल्या मुलीनं विचारला होता आणि मला तो फार आवडला. 'स्वर्गादपि गरीयसी' हे वचन सगळ्यांना पाठ असतं. त्यात 'स्वर्गात्' ही पंचमी, म्हणजे 'स्वर्गापेक्षा', आणि 'गरीयसी' हे 'गुरु' या विशेषणाचं तुलनेचं रूप. 'गुरु' म्हणजे थोर, 'गरीयसी' म्हणजे अधिक थोर. संस्कृतनं दोन्ही टोकं धरली आहेत, अगदी इंग्रजीसारखी. मराठीनं पुढे विशेषणाचं टोक सोडलं आणि सगळं 'पेक्षा'वर सोपवलं.

त्याहून गंमत म्हणजे 'गरीयसी'मधला 'ईयस्', इंग्रजीतला 'ईआर' आणि लॅटिनमधून आलेल्या 'सीनियर'मधला शेवटचा भाग हे एकाच जुन्या प्रत्ययाचे वंशज आहेत. 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ', 'श्रेष्ठ' यांतला 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'ईएसटी' हेही तसेच सख्खे. 'ओल्डेस्ट' म्हणताना 'ज्येष्ठ' आठवा, प्रत्यय विसरणार नाही.

दुसरी जोडी 'तर' आणि 'तम'. 'लघुतम सामाईक विभाज्य' आणि 'महत्तम सामाईक विभाजक' गणितात रोज म्हणता, त्यातला 'तम' म्हणजे सगळ्यांत टोकाचा. व्याकरणात या सगळ्या प्रकाराला 'तरतमभाव' म्हणतात ते यावरूनच.

सगळीकडे 'मोर' लावलं तर? समोरच्याला कळतं ना?

कळतं. 'मोर टॉल' म्हटल्यानं कुणाचा गैरसमज होत नाही, म्हणून बोलताना घाबरून गप्प बसू नका. पण लिहिताना, मुलाखतीत, परीक्षेत ते चूक म्हणूनच मोजलं जातं. ही सवय आपल्या 'जास्त'वरून लागते. 'जास्त उंच', म्हणून 'मोर टॉल'. मराठीत 'जास्त' हवं तर घ्या, नको तर सोडा. इंग्रजीत कुठल्या शब्दाला 'मोर' आणि कुठल्याला 'ईआर' हे शब्दाच्या लांबीवर ठरलेलं आहे.

मग ते ओळखायचं कसं?

शब्द म्हणा आणि टाळी वाजवा. एक टाळी पडली तर 'ईआर'. तीन किंवा जास्त पडल्या तर 'मोर'. दोन पडल्या तर जरा थांबून विचार करायचा, त्याचं पुढे सांगते.

एक टाळी: टॉल, चीप, हॉट, ओल्ड, थिक, सॉफ्ट, लॉंग. यांचं टॉलर, चीपर, हॉटर, ओल्डर, थिकर, सॉफ्टर, लॉंगर.

तीन किंवा जास्त: ब्यू-टि-फुल, डि-फि-कल्ट, एक्स्-पेन्-सिव्ह, इन्-ट-रेस्-टिंग. यांना 'मोर ब्यूटिफुल', 'मोर डिफिकल्ट' असंच. 'इंटरेस्टिंग' इंग्रज लोक पटकन तीनच टाळ्यांत उरकतात, पण तीन काय आणि चार काय, 'मोर' सुटत नाही.

कारणही समजून घ्या. लांब शब्दाला शेवटी आणखी एक तुकडा जोडला तर जीभ अडखळते. 'कम्फर्टेबल'ला 'ईआर' लावून म्हणून बघा. हे लांब शब्द बहुतेक फ्रेंच आणि लॅटिनमधून इंग्रजीत आले, म्हणून कुणी कुणी 'परके शब्द असतील तर मोर' असं शिकवतं. ते मला पटत नाही. 'लार्ज' आणि 'सेफ' हेही फ्रेंचमधूनच आले, पण एका टाळीचे आहेत म्हणून 'लार्जर' आणि 'सेफर' होतात. शब्दाचं गाव विचारू नका, लांबी मोजा.

मोजताना आम्ही चुकतो. 'चीप'मध्ये तर दोन अक्षरं आहेत!

इथे देवनागरी आपल्याला फसवते. कागदावर 'चीप' दोन अक्षरं दिसतात, 'टॉल' दोन, 'स्मॉल' दोन. पण टाळी पडते ती स्वरावर. 'चीप'मध्ये स्वर एकच, 'ई'. शेवटचा 'प' पाय मोडलेला आहे, त्यावर टाळी नाही. अक्षरं मोजायची नाहीत, तोंड किती वेळा उघडतं ते मोजायचं. हनुवटीखाली उलटा हात धरा आणि शब्द म्हणा. हनुवटी जितक्या वेळा हाताला लागेल तितक्या टाळ्या. 'चीप' एकदा, 'हॅपी' दोनदा, 'डेंजरस' तीनदा.

काही घरांत 'स्मार्ट'चा उच्चार 'इस्मार्ट' होतो, मग ते मूल दोन टाळ्या वाजवतं आणि 'मोर स्मार्ट' लिहून मोकळं होतं. त्याला नियम पुन्हा घोकायला लावून उपयोग नाही, आधी उच्चार सरळ करायला हवा. तसाच 'क्वाएट', म्हणजे शांत. हा घाईत एका टाळीचा वाटतो, पण दोन टाळ्यांचा आहे. त्याचं रूप मात्र 'क्वाएटर' असंच होतं.

दोन टाळ्यांच्या शब्दांचं काय?

इथेच खरी मेहनत आहे. शब्दाचा शेवट बघायचा.

शेवटी 'ई' ऐकू येत असेल आणि स्पेलिंगमध्ये 'वाय' असेल तर बिनधास्त 'ईआर'. हॅपी, इझी, हेवी, बिझी, डर्टी, होली, कॉस्टली, फ्रेंडली, अर्ली यांचं हॅपिअर, इझिअर, हेविअर, बिझिअर, डर्टिअर, होलिअर, कॉस्टलिअर, फ्रेंडलिअर, अर्लिअर. स्पेलिंगमधला 'वाय' जाऊन 'आय' येतो. हा गट सगळ्यात मोठा आणि सगळ्यात उपयोगाचा. एवढा एक आज पाठ केला तरी रोजच्या बोलण्यातली बरीच वाक्यं सुधारतील. 'अनहॅपी'मध्ये तीन टाळ्या पडतात, तरी तो 'अनहॅपिअर' होतो, कारण मूळ शब्द 'हॅपी'च आहे.

शेवट 'फुल', 'लेस', 'इंग', 'ईडी' किंवा 'अस' असा असेल तर नेहमी 'मोर': मोर केअरफुल, मोर यूजफुल, मोर केअरलेस, मोर बोरिंग, मोर वरीड, मोर फेमस. यात अपवाद शोधत बसू नका.

'सिंपल', 'जेंटल', 'नॅरो', 'शॅलो', 'क्लेव्हर' हे 'ईआर' घेतात: सिंपलर, जेंटलर, नॅरोअर, शॅलोअर, क्लेव्हरर. 'मोर' लावलेलंही ऐकू येतं आणि ते चूक नाही. 'पोलाइट', 'कॉमन', 'हँडसम', 'स्टुपिड' हे दोन्हीकडे चालतात. 'मॉडर्न' आणि 'करेक्ट' मात्र 'मोर'च घेतात. तरीही शंका उरली तर दोन टाळ्यांच्या शब्दाला 'मोर' लावा, पण 'वाय'वाल्या गटात तसं करू नका.

माझ्या मुलानं 'क्लेव्हरर' लिहिलं, शाळेत त्यावर काट मारली. बरोबर काय?

मुलाचं बरोबर आहे. 'क्लेव्हरर' कानाला विचित्र लागतं, दोन 'र' लागोपाठ येतात, म्हणून ते चूक वाटतं. पण शब्दकोशात ते रूप आहे. शब्दकोश उघडून ते पान मुलाला दाखवा आणि शांतपणे बाईंना किंवा सरांनाही दाखवा. बहुतेक शिक्षक असं दाखवलेलं मनावर घेतात. एका लाल रेघेमुळे मुलाचा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडायला नको, त्याच कानावर त्याला पुढचं सगळं इंग्रजी शिकायचं आहे.

'हॉटर'मध्ये दोन 'टी' आणि 'चीपर'मध्ये एकच 'पी', असं का?

स्वर ऱ्हस्व राखण्यासाठी. 'हॉट', 'बिग', 'थिन', 'फॅट', 'सॅड', 'वेट' या शब्दांत शेवटी एकच व्यंजन आहे आणि त्याआधी एकच स्वराचं अक्षर. अशा वेळी व्यंजन दुहेरी होतं. याचा पुरावा एका जोडीत सापडतो. 'लेट'चं 'लेटर', म्हणजे नंतर, यात एक 'टी' आणि स्वर लांब. 'लॅटर', म्हणजे दोघांपैकी दुसरा, यात दोन 'टी' आणि स्वर आखूड. एका 'टी'नं उच्चारही बदलतो आणि अर्थही.

'चीप', 'स्वीट', 'कूल' यांत स्वराची दोन अक्षरं आहेत, म्हणून व्यंजन वाढत नाही. 'थिक', 'सॉफ्ट', 'कोल्ड' यांत शेवटी आधीच दोन व्यंजनं आहेत, तिथेही वाढत नाही. 'लो'चं 'लोअर' करताना 'डब्ल्यू' कधी दुहेरी होत नाही. 'ड्राय'चं 'ड्रायर' करताना 'वाय'चा 'आय' करा. 'ग्रे'मध्ये 'वाय'च्या आधी स्वर आहे, म्हणून तो तसाच राहतो.

'गुड' आणि 'बॅड' कुठल्याच नियमात बसत नाहीत.

नाहीत. गुड, बेटर, बेस्ट. बॅड, वर्स, वर्स्ट. लिट्ल, लेस, लीस्ट. मच किंवा मेनी, मोर, मोस्ट. पाठ करा. दुसरा मार्ग नाही.

'मोर बेटर' म्हटलं तर जोर येतो असं वाटतं.

'बेटर'मध्येच 'मोर' शिजलेलं आहे. वरून पुन्हा घातलं की दुहेरी होतं. आपण 'श्रेष्ठतम' म्हणतो तेव्हाही हेच होतं, 'श्रेष्ठ'मध्ये टोक गाठलेलं असूनही वरून 'तम' लावतो. मराठीत ते रुळलं. इंग्रजीतही चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकांत अशी दुहेरी रूपं सर्रास सापडतात, पण आजच्या इंग्रजीत ती चूक धरतात. 'मोर चीपर', 'मोर हॉटर', 'वर्सर' यांतलं काहीच चालत नाही.

जोर हवाच असेल तर 'मच बेटर', 'फार बेटर', 'अ लॉट बेटर' म्हणा. थोडाच फरक असेल तर 'अ लिट्ल बेटर' किंवा 'स्लाइटली बेटर'. आपल्या 'त्याहूनही'साठी 'इव्हन' आहे: 'मे इज इव्हन हॉटर दॅन एप्रिल.' 'व्हेरी' मात्र इथे येत नाही. 'व्हेरी हॉट' बरोबर, 'व्हेरी हॉटर' चूक.

साहेब माझ्यापेक्षा सीनियर आहेत, म्हणजे 'सीनियर दॅन मी' ना?

'सीनियर टू मी'. लॅटिनमधून तयार तुलना घेऊन आलेले शब्द 'दॅन' घेत नाहीत, 'टू' घेतात: सीनियर, जूनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर. 'प्रेफर' हे क्रियापदही यांच्याच पंगतीत बसतं: 'आय प्रेफर भाकरी टू चपाती.' बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या पेपरांची तयारी करणाऱ्यांनी ही यादी आरशाला चिकटवून ठेवावी. चुका ओळखायला लावणाऱ्या प्रश्नांत ही जागा हमखास येते.

थोरला भाऊ 'एल्डर' की 'ओल्डर'?

'माय एल्डर ब्रदर' छान. पण 'ही इज एल्डर दॅन मी' नाही, तिथे 'ओल्डर'. 'एल्डर' नात्यांपुरता आहे आणि नामाच्या आधी बसतो, आपल्या 'थोरला'सारखा. इमारत, शहर, गाडी कधीच 'एल्डर' नसते. भुईकोट किल्ला आपल्या घरापेक्षा 'ओल्डर'.

'फार्दर' आणि 'फर्दर'?

अंतर असेल तर दोन्ही चालतात: 'पंढरपूर इज फार्दर फ्रॉम सोलापूर दॅन अक्कलकोट इज.' 'आणखी' या अर्थी फक्त 'फर्दर': फर्दर इन्फर्मेशन, फर्दर स्टडीज.

'कमी'ला नेहमी 'लेस' का?

मोजता येत नसेल तर 'लेस', मोजता येत असेल तर 'फ्यूअर'. लेस वॉटर, लेस टाइम. फ्यूअर बसेस, फ्यूअर लूम्स. लांब विशेषणाचा गुण कमी असल्याचं सांगायचं तर 'लेस एक्स्पेन्सिव्ह'. छोट्या विशेषणाला 'लेस' लावण्यापेक्षा उलटा शब्द बरा वाटतो. 'लेस टॉल' म्हणण्याऐवजी 'शॉर्टर' म्हणा, किंवा 'नॉट अ‍ॅज टॉल अ‍ॅज' वापरा.

'सोलापूरचा उन्हाळा पुण्यापेक्षा कडक' हे इंग्रजीत सांगताना काय जपायचं?

उन्हाळ्याची तुलना उन्हाळ्याशीच करायची. 'सोलापूर्स समर इज हॉटर दॅन पुणे' म्हटलं तर उन्हाळा एका बाजूला आणि अख्खं शहर दुसऱ्या बाजूला येतं. 'दॅन पुणेज' म्हणा, किंवा 'द समर ऑफ सोलापूर इज हॉटर दॅन दॅट ऑफ पुणे'. किंवा सरळ 'सोलापूर इज हॉटर दॅन पुणे'. मराठीत आपण 'पुण्याच्या उन्हाळ्यापेक्षा'चं 'पुण्यापेक्षा' करून टाकतो आणि कुणाला खटकत नाही. इंग्रजीत लेखी परीक्षेत खटकतं.

दहावीला 'डिग्री बदला', म्हणजे तेच वाक्य तुलनेच्या दुसऱ्या रूपात लिहा, असं येतं, तिथे मार्क जातात.

दोन साचे नीट कळले की बहुतेक वाक्यं सुटतात.

पहिला साचा, एकटाच टोकाला असतो तेव्हाचा: 'मुंबई इज द बिगेस्ट सिटी इन महाराष्ट्र.' तुलनेत: 'मुंबई इज बिगर दॅन एनी अदर सिटी इन महाराष्ट्र.' साध्या रूपात: 'नो अदर सिटी इन महाराष्ट्र इज अ‍ॅज बिग अ‍ॅज मुंबई.' यात 'अदर' विसरू नका. मुंबई स्वतःही महाराष्ट्रातच आहे. 'अदर' नसेल तर मुंबई मुंबईपेक्षाच मोठी होते.

दुसरा साचा, अनेकांतला एक: 'पंढरपूर इज वन ऑफ द होलिएस्ट टाउन्स इन महाराष्ट्र.' तुलनेत: 'पंढरपूर इज होलिअर दॅन मोस्ट अदर टाउन्स इन महाराष्ट्र.' साध्या रूपात: 'व्हेरी फ्यू टाउन्स इन महाराष्ट्र आर अ‍ॅज होली अ‍ॅज पंढरपूर.' इथे 'एनी अदर' घातलं की अर्थच बदलतो, कारण मूळ वाक्यात आपण पंढरपूरला एकट्याला वर बसवलेलं नाही. मुलं घाईत दोन साचे एकमेकांत मिसळतात. म्हणून आधी मराठीत विचारा: वाक्य 'सगळ्यांत' म्हणतंय की 'सगळ्यांतल्या काहींपैकी एक' म्हणतंय? उत्तर मिळालं की साचा सापडला.

दोघांचीच तुलना असेल तर तिसरी डिग्री, म्हणजे 'ईएसटी'वालं रूप, येतच नाही. 'द टॉलर ऑफ द टू' म्हणतात, आणि त्यात 'द' लागतो.

'दॅन मी' की 'दॅन आय'?

बोलताना 'दॅन मी' अगदी ठीक. फार औपचारिक लिहायचं असेल तर 'दॅन आय'. मला सगळ्यात आवडतं ते 'दॅन आय अ‍ॅम', त्यात वादच उरत नाही. आणि स्पेलिंगमध्ये 'दॅन'ला 'ए' आहे. 'ई' घातला की तो 'देन' होतो, म्हणजे 'मग'. मोबाइलवर टाइप करताना ही चूक फार होते.

दिवसेंदिवस महाग होतंय, जितकं जाड तितकं ऊबदार, हे कसं म्हणायचं?

पहिल्यासाठी तेच रूप दोनदा: 'कॉटन इज गेटिंग कॉस्टलिअर अँड कॉस्टलिअर.' लांब शब्द असेल तर 'मोर अँड मोर एक्स्पेन्सिव्ह'. 'मोर अँड मोर कॉस्टलिअर' नको.

दुसऱ्यासाठी दोन्ही अर्ध्यांत 'द': 'द थिकर द चादर, द वॉर्मर इट इज.' आपल्या 'जितकं-तितकं'ची ही हुबेहूब जोडी आहे. जिथे 'जितकं' तिथे 'द', जिथे 'तितकं' तिथेही 'द'. एकदा असं दाखवलं की मुलं खेळासारखी वाक्यं करत सुटतात. परवा एकानं केलं, 'द हॉटर द डे, द स्वीटर द मँगो.' मी त्याला ते फळ्यावर लिहायला लावलं.

एका टाळीचा असूनही 'मोर' घेणारा शब्द आहे का?

आहेत. 'फन' हा मुळात नाम, म्हणून 'मोर फन'. 'रिअल', 'राइट', 'राँग' यांनाही 'मोर' बरं. क्रियापदापासून झालेली विशेषणंही त्यातच: 'मोर टायर्ड', 'मोर बोअर्ड'.

आणखी एक प्रसंग असा येतो की छोट्या शब्दालाही 'मोर' लावावंच लागतं. एकाच माणसाचे दोन गुण तोलायचे असतील तेव्हा. 'शी वॉज मोर सॅड दॅन अँग्री', म्हणजे ती रागावलेली कमी आणि दुखावलेली जास्त होती. इथे 'सॅडर' म्हटलं तर वाक्य मोडतं, कारण दुसऱ्या कुणाच्या दुःखाशी तुलनाच नाही.

'परफेक्ट'ला 'मोर' लागतो का?

तर्कानं नाही, पूर्णाहून अधिक पूर्ण काय असणार. तरी 1787 साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच वाक्यात 'मोर परफेक्ट' आहे. परीक्षेत टाळा. इतरत्र कुणी वापरलं तर हसू नका.

'ही डिड इट ईझिअर' चालेल?

नाही, 'मोर ईझिली'. काम कसं केलं ते सांगणाऱ्या 'ली'वाल्या शब्दांना 'मोर' लागतो: मोर क्विकली, मोर केअरफुली. 'फास्ट', 'हार्ड', 'अर्ली' यांना 'ली' जोडावं लागत नाही, म्हणून 'फास्टर', 'हार्डर', 'अर्लिअर'. 'वेल'चं 'बेटर'.

मी नवी पेठेत दुकानात काम करतो. गिऱ्हाइकाशी रोज लागणारी वाक्यं द्या.

ही चादर त्या चादरीपेक्षा जाड आहे: 'धिस चादर इज थिकर दॅन दॅट वन.' जाड आहे पण जड नाही: 'इट्स थिकर, बट इट्स नॉट हेविअर.' हा टॉवेल जास्त मऊ आहे: 'धिस टॉवेल इज सॉफ्टर.' याचा जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) जास्त आहे, म्हणून पाणी जास्त टिपतो: 'इट हॅज अ हायर जीएसएम, सो इट इज मोर अ‍ॅब्सॉर्बंट.' यापेक्षा स्वस्तही आहे: 'वी हॅव अ चीपर वन टू.' तो रंग जास्त उठून दिसतो: 'दॅट कलर इज ब्राइटर.' ही जास्त टिकते: 'धिस वन इज मोर ड्युरेबल', किंवा सोप्या शब्दांत 'धिस वन लास्ट्स लॉंगर'.

मालाला हात लावत लावत ही वाक्यं म्हणा. 'थिकर' म्हणताना चादरीची कड चिमटीत धरा, 'सॉफ्टर' म्हणताना टॉवेल गालाला लावा. दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक यायच्या आधी दहा मिनिटं एवढंच करणारा एक जण माझ्याकडे होता. दोन महिन्यांनी तो 'मोर थिक' म्हणायचं विसरूनच गेला.

मूल घरी इंग्रजी बोलताना चुकलं तर लगेच टोकू का?

टोकू नका. त्याचंच वाक्य बरोबर करून, उत्तर म्हणून परत द्या. ते म्हणालं, 'टुडे इज मोर हॉट', तर तुम्ही म्हणा, 'येस, मच हॉटर दॅन येस्टरडे. पंखा वाढव.' तुम्हाला इंग्रजी फारसं येत नसेल तरी एवढं एक रूप येतंच. आणि तेही येत नसेल तर मुलालाच विचारा, 'हॉटला किती टाळ्या रे?' तो वाजवेल, थांबेल आणि स्वतःच 'हॉटर' म्हणेल.